जात विचारणारा दरवाजा



कधी कधी एखाद्या प्रश्नाला आपण चटकन उत्तर देऊन मोकळे होतो आणि ते उत्तर चुकीचे होते हे फार वर्षांनी कळते. माझ्या हातून असेच झाले. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची वंदना आटोपून विहारातली माणसे पांगत होती. आमच्या वस्तीतल्या एक मावशी मागे थांबल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी पोरांना शिकवलेले. थोरला मुलगा चोरीच्या संशयावरून पकडला गेला होता, जामिनाला पैसे नव्हते, म्हणून तुरुंगात होता. आदल्या दिवशी त्या त्याच्या मुलाखतीला जाऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "दादा, पोराला आत गेल्या गेल्या पयलं नाव इचारलं आन् मंग जात इचारली. जात सांगितली तर दुसऱ्या दिवसापासून संडास धुवायला लावलं. बाकीची पोरं बसून ऱ्हातात. हे सरकारच्या कायद्यातच हाय का?"

मी छातीठोकपणे सांगितले, "नाही मावशी. बाबासाहेबांच्या घटनेत असे असूच शकत नाही. एखाद्या शिपायाची ती मस्ती असेल."

मावशींनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण शिकलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा म्हणून त्या गप्प राहिल्या. पुढे अकरा महिन्यांनी मुलगा निर्दोष सुटला आणि विषय तिथेच संपला. निदान माझ्यापुरता संपला.

१० डिसेंबर २०२० रोजी एक वृत्तलेख प्रसिद्ध झाला आणि त्या दिवशीचे माझे उत्तर खोटे ठरले. जे मी शिपायाच्या माथी मारले होते, ते देशातल्या अनेक राज्यांत चक्क छापील नियम होते.

कल्याणच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न

तो लेख लिहिणाऱ्या पत्रकाराचे नाव सुकन्या शांता. राहणार आपल्या कल्याणची. 'द वायर' या वृत्तसंकेतस्थळासाठी तिने हे काम केले. तिने काय केले? जे मी करायला हवे होते आणि केले नाही, तेच केले. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना भेटली, त्यांचे ऐकले, आणि मग राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्या काढून त्या ओळीन् ओळ वाचल्या. ऐकलेली गोष्ट आणि छापलेला नियम तिने शेजारी शेजारी ठेवले.

राजस्थानातल्या अलवरच्या तुरुंगात गेलेल्या एका तरुणाची हकीकत त्यात होती. पोरगा वीजतंत्रीचे काम शिकलेला. आत गेल्यावर आधी गुन्हा विचारला, मग जात विचारली. जात कळली आणि त्याला तुंबलेल्या मैल्याच्या टाकीत उतरवले. त्याच्यावरचा गुन्हा शाबीतही झालेला नव्हता. पण शिक्षा ठरली होती, आणि ती जन्मावरून ठरली होती.

आता नियम पाहा. राजस्थानचे तुरुंग नियम १९५१ सालचे, म्हणजे घटना लागू झाल्यानंतरचे. त्यांत असे होते की ज्यांच्या जातीचा रिवाजच झाडूकामाचा आहे त्यांच्यातून सफाईवाले निवडावेत, आणि स्वयंपाकाला ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू कैदी चालेल. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाईवाले मेहतर, हाडी, चांडाळ अशा जातींतून घ्यावेत असे नावानिशी लिहिले होते, आणि अन्न शिजवून कोठडीपर्यंत नेणारे कैदी 'योग्य जातीचे' असावेत अशी अट होती. उत्तर प्रदेशची नियमावली तर २०२२ सालची, अगदी कालपरवाची. तिच्यात म्हटले होते की साध्या कैदेची शिक्षा झालेल्याला हलक्या प्रतीचे काम सांगू नये. मात्र तो अशा कामाची सवय असलेल्या समाजातला असेल तर सांगावे.

'सवय असलेला समाज'! बंधू-भगिनींनो, हा शब्द नीट ध्यानात ठेवा. आपल्या आज्यापणज्यांना गावकीची कामे कोणी हौसेने करायला लावली नव्हती. लादले आणि मग म्हणाले, यांना सवय आहे. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपली माणसे गेली ती ही सवय मोडायला. आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी एका राज्याच्या तुरुंगाचे नवे पुस्तक छापले जाते आणि त्यात तीच सवय पुन्हा कायद्याच्या भाषेत बसवली जाते.

हे आले कुठून?

तुरुंगाचा मूळ कायदा १८९४ सालचा, इंग्रजांचा. इंग्रजाला जात मोडायची नव्हती, तुरुंग शांत ठेवायचा होता. १८५५ साली बिहारातल्या आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी दिली, तेव्हा विटाळाच्या भीतीने मोठा दंगा झाला. असे अनुभव आल्यावर सरकारने सोयीची वाट धरली: वरच्या जातीचा विटाळ सांभाळायचा आणि खालच्या जातीच्या हातात झाडू द्यायचा. म्हणजे तुरुंगाच्या भिंतीआड गावच वसवला, गावकुसासकट.

दुसरी गोष्ट आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांची. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, म्हणून आजही तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि तुरुंगाच्या पुस्तकात जुना संशय तसाच राहिला. मध्य प्रदेशच्या १९८७ सालच्या नियमावलीत विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार मानता येईल असे लिहिले होते. पश्चिम बंगालात रात्रपाळीचा पहारेकरी कैदी नेमताना तो पळून जाण्याची उपजत ओढ असलेल्या, म्हणजे भटक्या जमातीतला नसावा, अशी अट होती. माणूस काय करतो हे पाहायचे नाही, कोणाच्या पोटी जन्मला ते पाहायचे.

बातमीपासून निकालापर्यंत

एरवी बातमी छापली की दुसऱ्या दिवशी तिच्यात भजी बांधतात. ही बातमी तशी गेली नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात आपणहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राजस्थान सरकारने आपले नियम बदलले. सत्तर वर्षे जे कोणाला खुपले नव्हते ते दोन-अडीच महिन्यांत बदलले. म्हणजे बदलता येत होते! फक्त कोणी विचारले नव्हते.

पण इतर राज्ये ढिम्म राहिली. तेव्हा सुकन्या शांता स्वतः अर्जदार होऊन २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. ज्येष्ठ वकील एस. मुरलीधर यांनी तिची बाजू मांडली. दिशा वाडेकर यांच्यासारख्या आपल्या चळवळीच्या जाणिवेने काम करणाऱ्या वकीलही त्यात होत्या. सुनावणीत उत्तर प्रदेशाच्या वतीने आमच्याकडे असा भेदभाव होत नाही असे सांगण्यात आले, तेव्हा न्यायालयाने त्यांच्याच नियमावलीकडे बोट दाखवले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल लागला. म्हणजे १४ ऑक्टोबरच्या बरोबर अकरा दिवस आधी. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने हे सगळे नियम घटनाबाह्य ठरवले. १४८ पानांच्या निकालाचा सार चार ओळींत सांगतो, कारण तो आपल्या घराघरांत माहीत असला पाहिजे.

एक, जातीवरून काम वाटणे हे समतेच्या १४ व्या आणि १५ व्या कलमांचा, अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या १७ व्या कलमाचा आणि माणसासारखे जगण्याचा हक्क देणाऱ्या २१ व्या कलमाचा भंग आहे. दोन, काही जातींनाच मैला काढायला लावणे म्हणजे २३ व्या कलमाने बंद केलेली वेठबिगारी आहे. तीन, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना आणि जातीचा उल्लेख काढून टाकायचा. चार, सर्व राज्यांनी तीन महिन्यांत आपल्या नियमावल्या दुरुस्त करायच्या, केंद्र सरकारनेही आपला २०१६ चा नमुना आणि २०२३ चा नमुना कायदा सुधारायचा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तुरुंगाचे अभ्यागत मंडळ यांनी मिळून वेळोवेळी तपासणी करायची. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले.

ज्या देशात बाबासाहेबांनी घटना लिहिली, त्या देशात तुरुंगाच्या दरवाजावर घटना पोहोचायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. आणि ती पोहोचवली एका पत्रकाराने.

१९८२ सालची एक चिठ्ठी

हे पहिल्यांदाच घडले असे मात्र नाही. मुंबईच्या शीला बारसे यांचे नाव आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ११ ते १७ मे १९८२ या आठवड्यात त्या परवानगी काढून मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात गेल्या आणि पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलल्या. पंधरापैकी पाच जणींनी सांगितले की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन खातरजमा करायला सांगितले.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तिथे पहारा स्त्री-शिपायांचा असावा. स्त्रीची चौकशी स्त्री-पोलिसाच्या समोरच व्हावी. अटक झालेल्याला कारण सांगावे, जामिनाचा हक्क सांगावा, त्याच्या नातलगाला कळवावे. न्यायदंडाधिकाऱ्याने प्रत्येक आरोपीला विचारावे की तुला पोलिसांनी मारले काय. मुंबईत सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री-न्यायाधीशाने, अचानक कोठड्यांना भेट द्यावी. एका आठवड्याच्या मुलाखतींतून आणि एका पत्रातून एवढे निघाले.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९८६ साली त्याच शीलाताई मुंबई, येरवडा आणि कोल्हापूरच्या तुरुंगांत स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या, तेव्हा त्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतात म्हणून परवानगी काढून घेतली गेली. त्या पुन्हा भांडल्या. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की तुरुंगाच्या आत काय चालते हे बाहेरच्या नागरिकाला कळले पाहिजे. कैद्याची संमती असेल तर वाजवी नियम पाळून मुलाखत घेता येते. दरवाजा एकदा उघडला की तो पुन्हा ढकलून बंद करणारे असतातच. म्हणून पाय दारात ठेवूनच उभे राहावे लागते.

आता आपण काय करायचे?

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, तुरुंग हा आपल्या घरचा विषय नाही. आपली मुले शिकतात, नोकरी करतात. तुमच्या घरात पोलीस कधी न येवोत. पण २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले शहात्तर जण असे की ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. पैसेवाला माणूस जामिनावर घरी जातो. आत राहतो तो गरिबाचा मुलगा. हा विषय वस्तीचा आहे.

म्हणून काही गोष्टी कागदावर लिहून घरात ठेवा. महिला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा.

घरातल्या कोणाला अटक झाली तर चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. कोणत्या पोलीस ठाण्याने, कोणत्या कलमाखाली पकडले ते विचारा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने कोणत्याही स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या कचेरीत जा.

१ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी प्रक्रिया कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाला आहे. त्याच्या ४७९ व्या कलमानुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. इतरांना अर्ध्या काळानंतर जामीन मिळू शकतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असणाऱ्यांना ही सवलत नाही. मुलगा किती दिवस आत आहे याचा हिशोब आईनेच ठेवावा. महिन्याच्या किराण्याचा हिशोब ठेवता, तसाच हाही ठेवा.

मुलाखतीला गेलात की जेवणाखाण्याची विचारपूस कराच, पण एवढेही विचारा: तुला काम कोणते दिले आहे? जात विचारून दिले काय? उत्तर होय असेल तर साध्या कागदावर, साध्या मराठीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज लिहा. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाचा उल्लेख करा. पोच घ्या, प्रत घरी ठेवा. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यावर काढलेली रेघ.

शेवटची गोष्ट आपल्या तरुण मुलामुलींसाठी. पत्रकार व्हायला दर वेळी छापखाना लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते; माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाला एवढेच विचारा: कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढला काय? कोणत्या तारखेच्या आदेशाने? सफाईचे काम कोणत्या पद्धतीने वाटले जाते? अभ्यागत मंडळाने गेल्या वर्षभरात किती भेटी दिल्या आणि काय शेरे मारले? चार प्रश्न, एक पान. आणि निवडणुकीच्या वेळी जे उमेदवार विहाराच्या पायरीवर येऊन हात जोडतात, निळा गमछा गळ्यात घालून फोटो काढतात, त्यांना विचारा: साहेब, आमच्या जिल्ह्याच्या तुरुंगाबद्दल तुम्ही सभागृहात कधी प्रश्न विचारला काय? विचारला असेल तर तारीख सांगा.

निकाल लागला म्हणजे झाडू आपोआप हातातून सुटत नाही. रकाना खोडला तरी आडनाव राहते, आणि आडनावावरून जात ओळखणारे डोळे राहतात. १९५० साली अस्पृश्यता कायद्याने गेली. म्हणून ती तेवढ्याने गेली काय? कायदा म्हणजे हातात आलेली काठी. ती कोपऱ्यात ठेवली तर तिचा उपयोग नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या मावशींच्या घरी गेलो. आता त्या थकल्या आहेत, कामे सुटली आहेत. मुलगा रिक्षा चालवतो, त्याची मुलगी सातवीत आहे. मी त्यांना म्हटले, "मावशी, तुम्ही मला विहारात एक प्रश्न विचारला होता. मी चुकीचे उत्तर दिले होते. ते कायद्यातच होते. आता न्यायालयाने काढून टाकले."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला ठावं होतं दादा. पोरगं खोटं बोलत नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "तवाच कुनी लिवलं असतं तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. निघताना त्यांच्या नातीने निकालाचे कात्रण वाचायला मागितले. ते तिच्याकडेच ठेवून आलो.

पुढच्या वेळी कोणी मावशी मागे थांबून असा प्रश्न विचारील, तेव्हा तुम्ही माझ्यासारखे उत्तर देऊ नका. आधी वही काढा आणि लिहून घ्या.

जयभीम.